क्षमेआधीचे तीन अध्याय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मित्राने केसाने गळा कापला, गिऱ्हाइकांची यादी घेऊन वेगळा धंदा थाटला, आणि आता ‘चुकलो’ म्हणत तो दारात उभा आहे. घरची मोठी माणसं म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, बायबलमधल्या योसेफासारखं मन मोठं कर. मन मोठं होत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे का, असं तू विचारतोस.

नाही. तुला योसेफाचा दाखला देणाऱ्यांना त्याची गोष्ट अर्धीच आठवते. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, 37व्या अध्यायात भाऊ त्याला विकतात आणि 45व्यात तो रडत त्यांच्या गळ्यात पडतो. मधले 42, 43 आणि 44 कुठे गेले? माझं सगळं म्हणणं त्या तीन अध्यायांत आहे. माणूस काय बोलतो ते सोड, तीच संधी पुन्हा हाती आल्यावर तो काय करतो ते बघ.

आधी 37वा अध्याय सावकाश वाच. योसेफ 17 वर्षांचा. बापाने दिलेला खास झगा, ‘केतोनेत पासीम’, भाऊ अंगावरून ओढून काढतात, त्याला कोरड्या विहिरीत टाकतात आणि भाकरी खायला बसतात. त्यांच्यातला यहूदा म्हणतो, भावाला मारून काय फायदा, विकून टाकू. किंमत येते चांदीचे 20 शेकेल. बायबलच्याच लेवीय या पुस्तकात 27व्या अध्यायात 5 ते 20 वर्षांच्या मुलाचं नवसापोटी ठरवलेलं मोल नेमकं एवढंच आहे. मग झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवतात: ‘हाकेर-ना’, ओळखा बरं. हिब्रूत विश्वासघात करणं म्हणजे ‘बागद’ आणि कपडा म्हणजे ‘बेगेद’. अक्षरं तीच तीन. योसेफाचा बाप याकोब, त्याने स्वतःच्या आंधळ्या बापाला फसवलं ते भाऊ एसावाचे कपडे घालून. मिसरातला (इजिप्तमधला) मालक पोटीफर, त्याच्या बायकोने योसेफावर आळ घेतला तो त्याचा कपडा हातात धरून. पुढे केलेला कपडा या पुस्तकात पुन्हा पुन्हा खोटं बोलतो. पुढे केलेली माफीही तशीच निघू शकते, म्हणून तिच्यावर थांबू नकोस.

37व्या अध्यायात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द विहिरीतून ऐकू येत नाही. तो कळवळून विनवत होता हे आपल्याला 42:21 मध्ये (अध्याय 42, वचन 21) कळतं, आणि तेही भावांच्या तोंडून, 22 वर्षांनी. हिशोब सोपा आहे: फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा तो 30 वर्षांचा, त्यानंतर सुकाळाची 7 वर्षं आणि दुष्काळाची 2. तोवर योसेफ मिसरचा मोठा अधिकारी झालेला असतो आणि भाऊ त्याला न ओळखता धान्य घ्यायला त्याच्यापुढे येतात. ते आपसात बोलतात, दुभाषा मध्ये असल्यामुळे याला आपली भाषा कळत नाही असं त्यांना वाटतं. योसेफ बाजूला जाऊन रडतो. इथे तू मिठी मारली असतीस. तो मारत नाही. परत येतो आणि त्यांच्यातल्या शिमोनाला त्यांच्या डोळ्यांदेखत बांधतो. पश्चात्तापाचे शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असूनही त्याला ते पुरत नाहीत!

आता मांडणी बघ. आईच्या पोटचा एकुलता भाऊ बन्यामीन, आता बापाचा लाडका, त्याला तो आणवून घेतो. जेवणात त्याला इतरांच्या पाचपट वाटा देतो, म्हणजे हेवा वाटायला जागा झाली. मग त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेववतो. प्याला सापडतो तेव्हा यहूदा म्हणतो, आम्ही सगळेच तुमचे गुलाम व्हायला तयार आहोत. योसेफ नाकारतो: प्याला सापडला तेवढाच राहील, बाकीचे सुखाने बापाकडे जा (44:17). सुटायची वाट उघडी ठेवली आहे. एका लाडक्या भावाला मिसरात गुलाम म्हणून सोडायचं आणि घरी जायचं, 22 वर्षांपूर्वी केलं तेच. आणि ज्याने विकायची कल्पना काढली होती तोच यहूदा पुढे होतो: पोराच्या जागी मला ठेवा. तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटतो. रामबाम या यहुदी धर्मपंडिताने 12व्या शतकात पूर्ण पश्चात्तापाची खूण हीच सांगितली: तेच पाप पुन्हा हातात येतं, करण्याची ताकदही असते, आणि माणूस भीतीने नव्हे तर पश्चात्तापाने मागे फिरतो.

हा सूडच होता, असं कुणी म्हणेल. रामबान या दुसऱ्या यहुदी भाष्यकाराने त्याहून बोचरा प्रश्न विचारला आहे: बापाचं गाव हेब्रोन सहा दिवसांच्या वाटेवर, मग बापाला एक चिठ्ठी का नाही पाठवली? भाऊ आपल्यापुढे वाकतील ही लहानपणीची स्वप्नं योसेफाला पुरी व्हायला हवी होती, हे त्याचं उत्तर मला पटत नाही. परीक्षेची किंमत बापाने मोजली, हे मान्यच करायला हवं. पण 42:16 आणि 42:19 शेजारी ठेवून वाच. आधी ठरतं, एकाला पाठवायचं, बाकी सगळे कैदेत. तीन दिवसांनी उलटं होतं: एकच कैदेत, बाकीच्यांनी उपाशी घरांसाठी धान्य न्यायचं. सूड घेणारा समोरच्याच्या पोराबाळांच्या भाकरीची काळजी करत नाही.

परीक्षा टाळली तर काय होतं, ते दावीद राजाकडे बघ. त्याचा मुलगा अबशालोम, त्याने भावाचा खून केला, 3 वर्षं परमुलखात गशूरला राहिला, यरुशलेमेत परतल्यावर 2 वर्षं राजाचं तोंड पाहिलं नाही, मग सेनापती यवाबाच्या मध्यस्थीने समोर आला. राजाने चुंबन घेतलं. एकही प्रश्न नाही. त्याच्या पुढचंच वाक्य (2 शमुवेल 15:1): अबशालोमाने रथ, घोडे आणि पुढे धावणारी 50 माणसं ठेवली. बंडाची तयारी! मी स्वतः वर्षानुवर्षं हे चुंबन प्रेमाचा नमुना म्हणून शिकवलं, त्याची खंत आहे. म्हणून आता हट्ट धरतो. कोरडा म्हणतात मला. म्हणोत. घाईच्या माफीने कुणाचं भलं झालेलं या पुस्तकात मला दाखवा.

तू मात्र प्याला लपवायला जाऊ नकोस. योसेफाकडे राज्याचा अधिकार होता आणि सगळं सावरायची ताकदही होती. तू सापळा लावलास तर तूच खोटा ठरशील. त्याला एक लहान काम दे, दोन-तीन गिऱ्हाइकांचं, बुडालं तरी तुला झोप लागेल एवढंच. व्यवहार कागदावर ठेव. यादी त्याच्या हाताशी येऊ दे, नजर ठेवतोयस हे भासवू नकोस, कारण भीतीने सरळ वागलेला माणूस परीक्षेत धरत नाहीत. एक हंगाम जाऊ दे. थोरला भाऊ रऊबेन, त्याने बापाला दिली तसली मोठी वचनं (‘माझे दोन मुलगे मारा’, 42:37) आली तर त्यांना भाव देऊ नकोस. यहूदाने स्वतः जामीन राहतो म्हटलं, तसलं काही येतं का बघ.

आणि घरच्यांना 50वा अध्याय वाचून दाखव. बाप गेल्यावर, मिसरात 17 वर्षं एकत्र राहूनही, भाऊ घाबरून क्षमा मागतात. योसेफ रडतो, पण ‘क्षमा केली’ हे शब्द त्याच्या तोंडी नाहीत. तुम्ही माझं वाईट योजलंत, हे तो स्पष्ट म्हणतो, आणि मग म्हणतो, तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना मी पोसेन.