कासवाचं कवच एकदम आलं की हळूहळू? आणि जुनी कासवं कोणाच्या गोतातली?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कवच एकदम आलं की हळूहळू, जुनी कासवं सरड्यांच्या जवळची की मगरींच्या, आणि आपल्या खान्देशात त्यांचे जीवाश्म मिळतील का. मी जळगाव जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवतो आणि या विषयावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कवच हळूहळू आलं, आणि पाठीआधी पोटाचं पूर्ण झालं. चीनच्या ग्वीचौ प्रांतात जीवाश्म मिळालेल्या ओडोंटोकेलिस या जुन्या कासवाची माहिती 2008 साली प्रसिद्ध झाली. वय सुमारे 22 कोटी वर्षं. पोटाखाली पूर्ण कवच, पाठीवर नुसत्या रुंद बरगड्या आणि जबड्यात चक्क दात! त्याहून जुना, जर्मनीतला 24 कोटी वर्षांपूर्वीचा पॅपोकेलिस (2015) पाहिला तर पोटाचं कवचही अजून जुळलेलं नाही. पोटाकडच्या जाड हाडांच्या सुट्या पट्ट्या दिसतात.

गिरणेकाठी किंवा तापीकाठी कासवाचं रिकामं कवच दिसलं तर आतून जरूर बघा. बरगड्या आणि मणके पाठीच्या कवचाशी एकजीव झालेले असतात, आणि खांद्याचं हाड बरगड्यांच्या आत असतं. आपलं खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर असतं. हाडांची ही उलटापालट झाली कशी, हे कोडं शास्त्रज्ञांना फार दिवस छळत होतं. ओडोंटोकेलिसमध्ये खांद्याचं हाड बरगड्यांच्या पुढे आहे, ना आत ना वर. अंड्यातल्या पिल्लातही बरगड्या खाली न वळता आडव्या वाढतात, शरीराची भिंत आत मुडपते आणि खांदा झाकला जातो. जीवाश्म आणि पिल्लू दोघं एकच हकीकत सांगतात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या 26 कोटी वर्षांपूर्वीच्या युनोटोसॉरसच्या बरगड्या तर कौलांसारख्या एकमेकींना लागून आहेत. अशा बरगड्यांनी धड ताठ राहतं आणि पुढच्या पायांनी बीळ उकरायला आधार मिळतो, असं 2016 मध्ये मांडलं गेलं. म्हणजे सुरुवातीचा उपयोग संरक्षणाचा नव्हता. हा प्राणी खरंच कासवांच्या वाटेवरचा होता का यावर वाद आहे; मला तो त्याच वाटेवरचा वाटतो. वाट सरळ मात्र नाही. इओरिंकोकेलिस (चीन, 2018) ओडोंटोकेलिसपेक्षा जुना. त्याला चोच आहे, पण कवच अजिबात नाही.

आता गोत. कासवाच्या कवटीत डोळ्यामागे भोकं नसतात, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना आजच्या बाकीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांपासून वेगळं काढलं होतं. पॅपोकेलिसच्या कवटीत मात्र सरडे-मगरींच्या गोतासारखी दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं निघाली. म्हणजे भोकं नंतर बुजली. डीएनएवरून बघितलं तर कासवं मगरी आणि पक्ष्यांच्या जवळची ठरतात. काही हाडांवरचे अभ्यास त्यांना सरड्यांकडे नेतात, पण डीएनएचा कौल मला जास्त पटतो.

वर्गीकरणातला खरा धडा प्रोटेरोकेर्सिसचा आहे. जर्मनीतल्या या ट्रायासिक काळातल्या (सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या) कासवाचं कमरेचं हाड कवचाला जोडलेलं आहे. आज ही खूण मान आडवी दुमडणाऱ्या कासवांत असते, म्हणून 1975 मध्ये गॅफनी या शास्त्रज्ञांनी त्याला त्या गटात घातलं. त्यामुळे आजच्या कासवांचे दोन्ही गट (मान आडवी दुमडणारी आणि मान सरळ आत ओढणारी) ट्रायासिकमध्येच वेगळे झाले असं मानावं लागलं. 2007 मध्ये जॉयस यांनी पुष्कळ खुणा एकत्र तपासल्या, तेव्हा प्रोटेरोकेर्सिस आणि प्रोगॅनोकेलिस (आणखी एक ट्रायासिक कासव) दोन्ही आजच्या गटांच्या बाहेर, कासवांच्या वंशवृक्षाच्या मूळ खोडावर ठरले. एका खुणेवर जात ठरवली की असा गोंधळ होतो.

खान्देशात इतकं जुनं काही वर दिसणार नाही. आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा लाव्हा आहे. ज्युरासिक कासव, इंडोकेलिस, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालं (2000). लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात मात्र आशा आहे: मुंबईत अशाच गाळातून सांकुकेमिस (2003) निघालं. ते मान आडवी दुमडणाऱ्या गटातलं होतं. आज भारतात त्या गटाचं एकही कासव राहत नाही. तेव्हा तुमच्याकडे विहीर किंवा खाण खोदताना पाषाणाखाली गोड्या पाण्यातल्या शंखांचा गाळथर लागला, तर तो फोडू नका. जागा आणि खोली लिहा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.