आठवण काढताना हसू आले, तर?

“हे जाऊन पाच महिने झाले. परवा यांच्याविषयी बोलताना मला हसू आवरेना. माझ्या दुःखातच काही खोट आहे का?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या पन्नाशीतल्या एका बाईंनी मला हे विचारले, तेव्हा त्यांचा आवाज चोरी पकडली गेल्यासारखा होता. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे, म्हणून ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांचा अनुभव येथे मांडते.

त्यांचे पती श्रद्धाळू होते. पहाटेची प्रार्थना त्यांनी आजारपणातही चुकवली नाही, आईवडिलांची अखेरची वर्षे स्वतःच्या हातांनी सांभाळली, आणि मुलांची शाळा, औषधे, रुसवेफुगवे यांतले काहीही ‘बायकोचे काम’ म्हणून सोडून दिले नाही. याच गृहस्थांना चाळिशीत रोलर स्केटिंगचे वेड लागले. मुलीला स्केटिंगच्या शिकवणीला सोडायला म्हणून ते जात, आणि कठड्याबाहेर उभे राहण्याचा कंटाळा येऊन एके दिवशी त्यांनी स्वतःच स्केट्स बांधले. मग आठवड्यातील एक संध्याकाळ कायमची तिकडे गेली. जेम्स प्लिंप्टन या अमेरिकी गृहस्थाने १८६३ साली चाकांच्या दांड्या आणि पायाखालची पट्टी यांच्यामध्ये रबराची गादी बसवली आणि तेव्हापासून नुसते अंग कलवून स्केट वळवता येऊ लागले, ही माहिती ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवीत, मग पाहुण्याची इच्छा असो वा नसो.

स्मरणसभेत बाईंनी एक प्रसंग सांगितला होता. एकदा यायला उशीर झाला, प्रार्थनेची वेळ टळू नये म्हणून ते स्केट्स न काढताच बसले, आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच उठायला गेले. चाके आपले काम करून गेली. हात जोडलेले, ओठ हलत असलेले ते गृहस्थ संथपणे खोली ओलांडून कपाटावर जाऊन आदळले. हे सांगताना बाई स्वतः हसल्या, मुलेही हसली. थोरल्या दिरांनी मात्र मान फिरवली. त्या दिवसापासून घरात बाईंच्या पतींचा विषय निघेनासा झाला.

माझ्याकडून येथे एक चूक झाली. पहिल्या दोन भेटींत मी पतींच्या श्रद्धेविषयीच विचारत राहिले, कारण आधार तेथेच असेल असे मी गृहीत धरले होते. बाई नम्रपणे उत्तरे देत, पण त्या उत्तरांतून उभा राहणारा माणूस तसबिरीतला वाटे. तिसऱ्या भेटीला मी त्यांचे स्केट्स आणायला सांगितले. पुढचा रबरी ब्रेक घासून जवळजवळ सपाट झाला होता आणि चाके एकाच बाजूने झिजलेली होती. मैदानात सगळे एकाच दिशेने फेऱ्या मारतात, त्यामुळे अशी झीज होते, आणि मग चाकांची अदलाबदल करावी लागते. मुलीला ती आता करून ठेवायची होती. बाई म्हणाल्या, “नको. ही झीज त्यांची आहे.” त्या दिवशी त्या प्रथमच माझ्यासमोर रडल्या, आणि त्याच भेटीत हसल्याही.

हसू आणि शोक यांचे वैर नाही, हे मी त्यांना केवळ धीर देण्यासाठी सांगितले नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराच्या मृत्यूनंतर सुमारे सहा महिन्यांनी त्या नात्याविषयी बोलणाऱ्यांचे चेहरे बारकाईने पाहिले होते. ज्यांचे हसणे डोळ्यांपर्यंत पोहोचणारे, मनापासूनचे होते, त्यांच्यात राग कमी आणि माणसांशी असलेले संबंध अधिक चांगले आढळले. याचा अर्थ हसलेच पाहिजे असा कोणी काढू नये. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडले, की शोक करणारा माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे आळीपाळीने जात-येत असतो. बाईंचे हसणे त्याच येण्याजाण्यातले होते. घरच्यांनी घातलेली गप्प बसण्याची शिस्तच मला अधिक काळजीची वाटली.

काळजी कधी करावी, हेही त्यांनी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणानुसार, किमान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना तशीच राहिली, ती त्या समाजाच्या व धर्माच्या रीतीतही जास्त वाटावी अशी असली आणि त्यामुळे रोजचे व्यवहारच अडून बसले, तर त्याला विकार मानतात. जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट पाहू नये. बाईंच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते. स्केट्स जपून ठेवणे हा आजार नव्हे. आणि खरे सांगायचे तर, ते कधी आवरायचे हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

पतींच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्यांना घरी बोलावले आणि कपाटाची गोष्ट पुन्हा, या वेळी न घाबरता, सांगितली. थोरले दीर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी हळूच विचारले, “पण प्रार्थना पुरी झाली का त्याची?”

“झाली ना,” बाई म्हणाल्या. “कपाटाला टेकून.”