ओट्यावरचा गॅस मीटर हलवायचा, पण कधी आणि कोणाच्या पैशाने?

भुसावळच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते रेल्वेतून निवृत्त झाले असून घर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, पतिपत्नी नाशिकला लेकीकडे गेलेले असताना, पाइपच्या गॅसची जोडणी देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी मीटर पुढच्या ओट्यालगत, दाराच्या डाव्या भिंतीवर बसवला. स्वयंपाकघर मागे आहे, त्यामुळे बोळातून लांब पाइप फिरवावा लागला आणि १५ मीटरच्या पुढच्या ७ मीटरचे, मीटरला ४५० रुपये दराने, ३,१५० रुपये वेगळे घेतले गेले. ६,००० रुपये परतीची अनामत आधीच भरलेली आहे. मुलाची मोटारसायकल ओट्याशी लावताना हँडल मीटरला घासते. मीटर बोळात हलवून मागितला, तर कंपनीने ९,८०० रुपयांचे कोटेशन दिले. पैसे भरावेत, जोडणीच परत करावी, की ओळखीचे वकील म्हणतात त्याप्रमाणे ५०,००० रुपयांच्या भरपाईचा दावा लावावा, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ जाता जाता आली आहे, की २०२७ च्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वरचा मजला काढायचा असून जिना त्याच डाव्या भिंतीवरून चढणार आहे.

माझ्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

आधी आकडे नीट मांडू. कोटेशनच्या तळाशी ‘कर वेगळा’ असे बारीक अक्षरात लिहिले आहे. नैसर्गिक वायू जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मीटर हलवणे ही मात्र सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. म्हणजे तुमचे ९,८०० प्रत्यक्षात ११,५६४ होतात. सिलिंडरच्या तुलनेत महिन्याला सुमारे १३० रुपये वाचतात, असे तुम्ही लिहिता. ते खरे धरले तर वर्षाची बचत १,५६० रुपये होते आणि मीटर हलवण्याचा खर्च भरून निघायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. १३० चा आकडाही एकदा तपासून घ्या. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण १७ घनमीटर पाइपच्या गॅसइतकी असते, म्हणून सिलिंडरच्या किमतीला १७ ने भागा आणि येणारा आकडा बिलातल्या करासह दराशी ताडून पाहा. सिलिंडर ८५० रुपयांना पडत असेल तर ५० रुपये ही सीमा झाली. दर त्याच्या जितका खाली असेल, तितकीच तुमची बचत. अनामतीवर व्याज मिळत नाही, आणि हेच ६,००० रुपये ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला ४२० रुपये आले असते, हेही त्या बचतीतून वजा करावे लागेल.

जोडणी परत करण्याचा विचार मी तरी करणार नाही. अनामत परत मिळेल, पण पाइपचे ३,१५० गेले ते गेले. शिवाय सिलिंडरची जोडणी तुम्ही जमा केली तेव्हा जुन्या पावतीवरची जुनी, किरकोळ अनामत तुमच्या हाती आली असणार. नव्याने घ्यायला गेलात तर जून २०२२ पासून एका सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. दोन सिलिंडर घेतले तर हा आकडा ४,६५० वर जातो. रागाच्या भरात घ्यायच्या निर्णयासाठी ही रक्कम मोठी आहे.

आता पाइपच्या बिलाकडे येऊ. बिलात २२ मीटर लिहिले आहेत आणि तुमच्या मुलाने टेप लावून मोजले तेव्हा १९ भरले, हे तुम्ही कंसात, जवळजवळ तक्रार नसल्यासारखे लिहिले आहे. ९,८०० रुपयांवर चिडून दोन पानांचे पत्र लिहिणारे तुम्ही इथे का गप्प बसलात, हे मला समजले नाही. तीन मीटरचे १,३५० रुपये होतात आणि या सगळ्या प्रकरणात सिद्ध करायला सर्वांत सोपी रक्कम तीच आहे. टेप भिंतीला धरलेला असतानाचे फोटो काढा, मीटरपासून शेगडीपर्यंतचा प्रत्येक वळणाचा तुकडा वेगळा मोजून कागदावर मांडा आणि फेरमोजणीची लेखी मागणी आजच करा. ही मागणी मीटरच्या जागेच्या वादात मिसळू नका, नाहीतर दोन्ही एकत्र रेंगाळतील.

जागेचा वाद मात्र एका कागदावर ठरणार आहे. जोडणीआधी कंपनीचा माणूस घर पाहून गेला होता आणि तुमच्या मुलाने त्याच्याकडच्या कागदावर सही केली होती, असे तुम्ही लिहिता. त्या पाहणीत मीटरची जागा काढून दाखवलेली असते. त्या कागदाची प्रत मागा. त्यावर बोळ दाखवलेला असेल आणि मीटर ओट्यावर लागला असेल, तर चूक कंपनीच्या बाजूची आहे, मीटर फुकट हलवून मागण्याचा तुमचा हक्क बळकट होतो आणि जास्तीच्या पाइपचे पैसेही परत मागता येतात, कारण पाइप लांबला तो मीटर पुढे लावला म्हणून. त्यावर ओटाच दाखवलेला असेल, तर मुलाने न पाहता सही केली एवढाच अर्थ राहतो आणि खर्च तुमचा. जागेचा रकाना कोरा निघाला तर मी निम्म्या खर्चावर तडजोड सुचवेन.

पन्नास हजारांच्या दाव्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हँडल घासल्याने नुकसान काय झाले, हे दाखवता येत नसताना एवढा आकडा मांडला तर खऱ्या मागणीचे वजन कमी होते. वकिलांची फी १५,००० सांगितली गेली आहे, म्हणजे भांडणाचा खर्च भांडणाच्या विषयाहून मोठा. शेजाऱ्यांनी सुचवलेला विद्युत लोकपाल हा विजेच्या तक्रारींसाठी आहे, त्याच्याकडे गॅसचे काम नाही. तुमचा रस्ता असा आहे: कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, उत्तर आले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि एवढे करूनही भागले नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार लावता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मीटर ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला, म्हणजे ऑक्टोबर २०२७ पर्यंतचाच वेळ तुमच्या हाती आहे.

इथे जिना आडवा येतो. आज ११,५६४ भरून मीटर हलवला आणि आखाजीनंतर गवंड्याने बोळाच्या बाजूला परांची बांधली, तर तो काढून पुन्हा लावण्याचा खर्च दुसऱ्यांदा येऊ शकतो. धुळ्याला घराचे काम काढले तेव्हा माझा विजेचा मीटर असाच दोनदा हलला, आणि दुसऱ्या वेळी मी कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर विसंबून पावतीसुद्धा घेतली नव्हती. उलट मीटर आहे तिथेच ठेवून जिना चढवला, तर तो जिन्याखाली कोंडला जाईल. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, गळती झाली तर वर चढतो आणि बंद छताखाली साचतो. म्हणून जिन्याखालची जागा, आणि पुढे तिथे भिंत घालून केलेली अडगळीची खोली, मीटरसाठी सर्वांत वाईट. म्हणजे मीटर हलवायचाच आहे, पण एकदाच, आणि बांधकामाचा नकाशा पक्का झाल्यावर.

म्हणून आत्ता कोटेशनचे पैसे भरू नका. हँडलपासून संरक्षण म्हणून मीटरपुढे, पाइपला किंवा मीटरला कुठेही टेकणार नाही अशी उघडी लोखंडी जाळी भिंतीत बसवण्याची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या. ती मिळेपर्यंत मोटारसायकल ओट्याच्या दुसऱ्या बाजूला लावा. पाहणीचा कागद तुमच्या बाजूचा निघाला, तर बांधकामाच्या वेळी एकदा विनामूल्य मीटर हलवून देण्याची लेखी हमी मागा. मार्च २०२७ पर्यंत ती मिळाली नाही, तर बांधकाम सुरू होण्याची वाट न पाहता आयोगात तक्रार लावा, कारण पावसाळ्यात काम रखडले की मुदतीचे महिने निघून जातात. कागद तुमच्या विरुद्ध निघाला, तर आखाजीपर्यंतच्या सोळा महिन्यांत दरमहा ७५० रुपयांची आवर्ती ठेव काढा. मुद्दलच १२,००० होईल. मजल्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम वेगळी ओळ म्हणून लिहा, म्हणजे ती गृहकर्जात मिसळून वीस वर्षे व्याज खाणार नाही.

ओळखीचा प्लंबर २,५०० रुपयांत मीटर हलवून देतो म्हणतो, असेही तुम्ही लिहिले आहे. त्याला हात लावू देऊ नका. मीटरचे सील तुटले की आज कंपनीवर असलेली जबाबदारी त्या दिवसापासून तुमच्यावर येते, आणि पाहणीचा कागद कितीही तुमच्या बाजूचा असला तरी मग त्याचा उपयोग उरत नाही.