सुपरहिरोने स्वतःचं तत्त्व मोडलं तरी तो हिरोच राहतो का?

तुम्ही लिहिलंय की मॅन ऑफ स्टील टीव्हीवर बघताना सुपरमॅनने झॉड या व्हिलनची मान मोडली आणि तुमचा मुलगा एकदम गप्प झाला, मग झोपताना म्हणाला "मग तो पण तसलाच ना?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण मोठी माणसं हा सीन बघून टाळ्या वाजवतात किंवा "दुसरा इलाजच नव्हता" म्हणून विषय संपवतात, आणि पोराला मात्र तो टोचला.

माझं उत्तर असं की राहू शकतो. पण मोडायची वेळ का आली यावर ते ठरत नाही, कारण कारणं तर सगळ्यांकडेच असतात, व्हिलनकडे पण असतात. मोडल्यावर तो त्याचं काय करतो, लपवतो की अंगावर घेतो, तिथे मला हिरो कळतो.

आधी एक गोष्ट सांगतो, कुणाला जिवे मारायचं नाही हे तत्त्व काही पहिल्यापासून दगडावर कोरलेलं नव्हतं. १९३९ मध्ये बॅटमॅन पहिल्यांदा आला त्याच कथेत व्हिलन ॲसिडच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचं काहीही वाटत नाही, १९४० मध्ये तर तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादकांनी ठरवलं की हा माणूस मारणार नाही. म्हणजे नियम बाहेरून आला हे खरं, पण पुढच्या लेखकांनी तो इतका मनावर घेतला की आज तो नियम काढला तर बॅटमॅन म्हणून काही उरतच नाही.

आता बॅटमॅनचा द डार्क नाइट हा पिक्चर. २००८ ला थेटरात पाहिला तेव्हा मी बारावीत होतो, नंतर किती वेळा पाहिला मोजलेलं नाही. त्यात जोकर हा व्हिलन सापडत नाही म्हणून बॅटमॅन आपल्या गॉथम शहरातल्या सगळ्यांचे मोबाइल त्यांना न सांगता वापरतो आणि त्यावरून अख्ख्या शहराचं चित्र पडद्यांवर उभं करतो. बॅटमॅनची कंपनी सांभाळणारा ल्युशियस फॉक्स (मॉर्गन फ्रीमन) त्या पडद्यांच्या भिंतीसमोर उभा राहतो, आधी त्याला कौतुक वाटतं आणि लगेच चेहरा उतरतो, तो स्पष्ट सांगतो की तीन कोटी लोकांवर पाळत ठेवणं हे माझं काम नाही, आजच्या दिवस करतो पण हे मशीन या कंपनीत असेपर्यंत मी इथे नाही. बॅटमॅन वाद घालत नाही. काम झालं की तुझं नाव टाइप कर, एवढंच सांगतो. शेवटी ल्युशियस नाव टाइप करतो आणि सगळं मशीन ठिणग्या उडून बंद पडतं. म्हणजे चुकीचं काम करतानाच बॅटमॅनने ते बंद पाडायची सोय आधी करून ठेवली होती, आणि चावी स्वतःकडे न ठेवता ज्याला हे अजिबात पटत नव्हतं त्याच माणसाच्या हातात दिली. इथे तो माझ्या लेखी हिरोच आहे.

पण त्याच पिक्चरच्या शेवटी तो दुसरं तत्त्व मोडतो आणि तिथे मला तो पटत नाही. लोकांचा लाडका सरकारी वकील हार्वी डेंट याने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या नावावर घेतो, आणि लोकांचा विश्वास तुटू नये म्हणून तो आणि पोलीस अधिकारी गॉर्डन मिळून शहराला खोटं सांगतात. ऐकायला त्याग वाटतो, मला पण तेव्हा वाटला होता, डोळ्यात पाणी आलं होतं. मग २०१२ चा पुढचा भाग बघा. आठ वर्षं त्या खोट्यावर कायदा चाललाय, त्या कायद्याखाली माणसं जेलमध्ये सडतायत, गॉर्डन खऱ्या गोष्टीचं भाषण खिशात घेऊन फिरतो पण वाचायची हिंमत होत नाही, आणि शेवटी ते भाषण बेन नावाचा व्हिलन सगळ्या गावासमोर वाचून दाखवतो आणि जेलची दारं उघडतो. आपल्याकडे नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात, म्हणजे त्याची किंमत त्याच क्षणी दिसली तरी, इथे आठ वर्षं कुणाला पत्ताच नाही. मोबाइलवाल्या प्रकरणात ल्युशियस होता, नाही म्हणायला कुणीतरी होतं. या खोट्यात कुणीच नव्हतं.

सुपरमॅनचंही तसंच. १९८८ च्या कॉमिक्समध्ये त्याने तीन क्रिप्टोनियन (म्हणजे त्याच्याच मूळ ग्रहाच्या) गुन्हेगारांना स्वतःच्या हाताने मारलं होतं, आणि त्या तिघांनी दुसऱ्या एका विश्वातली आख्खी पृथ्वी संपवली होती, म्हणजे कारण याहून मोठं काय असणार. तरी त्यानंतर त्याचं मन इतकं बिघडतं की आपण लोकांसाठी धोकादायक झालोय असं वाटून तो पृथ्वी सोडून एकटाच अवकाशात निघून जातो, आणि हे सगळं महिनोन्‌महिने चालतं. २०१३ च्या पिक्चरमध्ये, म्हणजे मॅन ऑफ स्टीलमध्ये, तो मान मोडल्यावर किंचाळतो, त्याच्या मैत्रिणीला, लोइसला बिलगतो, तो सीन खरंच चांगला आहे. पण थोड्याच वेळात तो एका जनरलसमोर ड्रोन पाडून हलकंफुलकं बोलताना दिसतो. मारलं याचा मला इतका राग नाही, इतक्या लवकर पुढे निघाला याचा आहे. तुमच्या मुलाला पण बहुतेक हेच टोचलं असावं.

कुणीतरी म्हणेलच की जोकरला जिवंत ठेवल्याने पुढे जी माणसं मेली त्यांचं काय. हे बरोबर आहे आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जेसन टॉड, म्हणजे जोकरने मारलेला बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन, परत येऊन बॅटमॅनला हेच विचारतो आणि बॅटमॅन म्हणतो की मारणं अवघड नाही, फार सोपं आहे, पण एकदा तिकडे गेलो तर परत येता येणार नाही. मला हे पटतं, कारण त्यात तो स्वतःला जोकरपेक्षा मोठा समजत नाही, स्वतःला घाबरतो.

मुलगा जरा मोठा असेल तर त्याला डार्क नाइटमधला बोटींचा भाग दाखवा. जोकरने सापळ्यात अडकवलेल्या दोन बोटी, एकीत कैदी, एकीत साधी माणसं, प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. साध्या माणसांच्या बोटीवर मतदान होतं आणि बहुमत उडवा म्हणतं, पण दाबायला हात कुणाचा होत नाही. आणि कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी उठून अधिकाऱ्याजवळ जातो, सांगतो की द्या इकडे, तुम्ही दहा मिनिटांपूर्वी करायला हवं होतं ते मी करतो, अधिकारी घाबरत घाबरत रिमोट त्याच्या हातात देतो, आणि तो सरळ खिडकीतून बाहेर फेकून देतो. त्या क्षणी आमच्या थेटरात चिडीचूप शांतता होती.