घरचे लग्नासाठी मागे लागलेत म्हणून गे मित्राने 'माझी गर्लफ्रेंड हो' असं म्हटलं, तर व्हावं का?

तुमचा कॉलेजपासूनचा मित्र गे आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि 'थोडे दिवस घरच्यांसमोर माझी गर्लफ्रेंड हो' असं त्याचं म्हणणं आहे. माझं उत्तर सरळ आहे, होऊ नका. त्याचं गुपित जिवापाड जपा, पण त्याला तुमचं नाव वापरू देऊ नका.

हे नाटक 'थोडे दिवस' चालतच नाही. घरात 'मुलगी आहे' म्हटलं की आधी फोटो मागतात, मग आडनाव, गाव, जात, वडील काय करतात. पुढे त्याची आई कुठून तरी तुमच्या आईचा नंबर मिळवते. तुमच्या लग्नाचं बघायला लागल्यावर ही बातमी तुमच्याही स्थळांपर्यंत पोचते. बरं, एवढं करून त्याचा तरी फायदा होतो का? नाही. काही महिन्यांनी 'आमचं तुटलं' म्हणून सांगितलं की घरचे म्हणणार, तुझ्या मनासारखं करून झालं, आता आम्ही म्हणू ती. आधी त्याला 'मला लग्नच करायचं नाही' म्हणता येत होतं. आता मुलगी चालते हे त्यानेच कबूल करून ठेवलेलं असतं.

मित्राने लग्नाला नकार द्यायचा तो बायोडाटा बाहेर जाण्याआधी. विवाहसंस्थेत नाव आईवडिलांनीच घातलं असेल तर ते काढायला लावायचं. कांदेपोहे झाले की नकाराला कारण द्यावं लागतं, आणि सुपारी फुटल्यावर तर दोन्ही घरांची अब्रू मध्ये येते. नकार टिकवायला पाठीशी पैसा लागतो. पगार स्वतःच्या एकट्याच्या खात्यात, आधार, पॅन, मार्कशीट, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात, आणि भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट अधिक तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला. इथे तुमची खरी मदत होईल: कागदपत्रांची एक फाइल तुमच्याकडे ठेवा, खोली शोधायला सोबत जा.

गुपित म्हणजे गुपित. 'विश्वासातल्या एका मैत्रिणीला' सुद्धा नाही. नवऱ्याला किंवा होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं असेल तर आधी मित्राची परवानगी घ्या. तो नाही म्हणाला तर 'आमच्यात तसं काही नाही' एवढंच सांगा, कारण सांगू नका. त्याचे मेसेज लॉक स्क्रीनवर दिसणार नाहीत असं सेटिंग करा. त्याचे स्क्रीनशॉट कुणालाच पाठवू नका.

घरच्यांना कळलंच तर ते त्याला 'बरं करायला' डॉक्टरकडे नेतील. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच सांगितलंय की हा आजार नाही. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था समलिंगी लोकांच्या मदतीसाठी काम करते. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये असू द्या.

'लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल' म्हणणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. सुधारण्यासारखं त्यात काही नसतंच, आणि भोगते ती घरात आणलेली मुलगी. वर्षानुवर्षं ती स्वतःतच दोष शोधत राहते, मूल होत नाही म्हणून तपासण्याही तिच्याच होतात. हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीच्या आधारावर लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि फसवणूक सिद्धही तिलाच करावी लागते. म्हणून तुमचा मित्र दबावाखाली 'हो' म्हणाला, तर साखरपुड्याच्या आधी त्या मुलीला खरं सांग, असं त्याला तोंडावर बजावा. त्याने ऐकलं नाही तर गावभर बोभाटा करू नका, पण त्या लग्नाची खरेदी, धावपळ, साक्षीदाराची सही यातलं काहीही करू नका. मैत्री तुटली तरी चालेल.

वर 'नाव वापरू देऊ नका' म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. घरात मारहाण होत असेल, कोंडून ठेवलं असेल, तर त्याला तिथून बाहेर काढण्यापुरतं लागेल ते खोटं बोला. तो सुरक्षित जागी पोचला की तिथेच थांबा, ते नाटक पुढे चालवू नका.