पेशवाज: पेशव्यांचा की पुढून उघडा?

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या कथकच्या मंचप्रवेशासाठी जुन्या चित्रांत दिसतो तसा पेशवाज शिवून घ्यायचा आहे. शिवणारे काका म्हणतात, पेशव्यांच्या काळात निघाला म्हणून त्याला पेशवाज म्हणतात. हे खरं का? जामा, अंगरखा आणि पेशवाज ही एकाच कपड्याची तीन नावं आहेत का? चित्रावरून शिवायचा तर काय पाहायचं? आणि कार्यक्रमपत्रिकेत पेशवाज छापायचं की पिशवाज?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, पेशवाजाचं नाव पेशव्यांवरून पडलेलं नाही. हा फारसी शब्द आहे. त्यातला ‘पेश’ म्हणजे पुढे, समोर, आणि ‘वाज’ हे ‘बाज’चं दुसरं रूप, अर्थ उघडा. इराणच्या बोलीत अजूनही ‘वाज करणे’ म्हणजे उघडणे. तेव्हा पेशवाज म्हणजे पुढून उघडणारा कपडा. अकबराचा दरबारी लेखक अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या कपडेपटाची जी यादी दिली आहे, ती सोळाव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात पेशवाज आहे आणि त्याचं वर्णनही याच अर्थाला धरून आहे: घाट नेहमीच्या झग्याचाच, पण बांधायचे बंद पुढच्या बाजूला, कधी कधी बंदांशिवायसुद्धा शिवतात. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ साली. म्हणजे त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी हा कपडा याच नावाने शिवला जात होता.

तरीही काकांना अगदी चूक म्हणवत नाही, कारण दोन्ही शब्दांत ‘पेश’ एकच आहे. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी. हे पदनामही बाळाजी विश्वनाथांच्या भट घराण्याच्या फार आधीचं, बहमनी दरबारापासून दख्खनेत रुळलेलं. पेशगी म्हणजे पुढे दिलेली रक्कम, पेश करणं म्हणजे समोर ठेवणं, पेशकार म्हणजे साहेबासमोर कागद ठेवणारा. पेशवा आणि पेशवाज हे एका आडनावाचे दोघे म्हणायचे, बापलेक नव्हेत. गंमत अशी की आजच्या इराणात ‘पेशवाज’ म्हटलं तर कपडा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तिथे त्याचा अर्थ पाहुण्याला सामोरं जाणं, स्वागताला पुढे होणं. कपड्याचं नाव म्हणून तो शब्द जगला तो आपल्याकडे, नर्तकींच्या अंगावर. जुन्या मराठीतही कलावंतिणीच्या पायघोळ, घेरदार पोशाखाला पेशवाज म्हणत.

नावांच्या हट्टाची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकबराने कपड्यांना नवी देशी नावं दिली होती. जाम्याला ‘सर्बगाती’ म्हणजे सर्व गात्रं झाकणारा, पटक्याला, म्हणजे कमरेला बांधायच्या शेल्याला, ‘कटजेब’ म्हणजे कटीची शोभा, बुरख्याला ‘चित्रगुपिता’. सुंदर नावं आहेत ही, पण बादशहाच्या हुकमाने दिलेली असूनही ती टिकली नाहीत. लोक जामा तो जामाच म्हणत राहिले. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांना संस्कृत पदनामं दिली, तेव्हा पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. पेशव्यांच्या शिक्क्यांतही पुढे ‘प्रधान’ असंच कोरलेलं असे. पण तोंडी पेशवा तो पेशवाच राहिला. दोन राजे, दोघांनीही रुळलेल्या फारसी नावांऐवजी दिलेली देशी नावं, आणि दोन्हीकडे जिंकलं ते रोजच्या वापरातलं नाव. मला यातून शिंप्यांच्या आणि धोब्यांच्या तोंडच्या शब्दांबद्दल मोठा आदर वाटतो.

आता जामा, अंगरखा आणि पेशवाज. हे तीन वेगळे कपडे आहेत, आणि त्यांच्यातला फरक ओळखायची जागा एकच: कपडा उघडतो कुठे आणि बांधतात कुठे.

‘जामा’ हा फारसीत मुळात नुसता ‘कपडा’. म्हणून पायात घालायचा जामा तो पायजमा. संपूर्ण पोशाखाला जामानिमा म्हणतात, त्यात जाम्याबरोबरचा ‘निमा’ म्हणजे आखूड, अर्धा कपडा. कपडेपट सांभाळणारा तो जामदार, आणि राजवाड्यातला जामदारखाना म्हणजे मौल्यवान वस्त्रं नि जडजवाहीर ठेवायची जागा. जामदार आडनावाच्या मंडळींनी कपाट उघडताना हे जरूर आठवावं. पण शिवणाच्या भाषेत जामा म्हणजे नेमका एक प्रकार: छातीवर एक पदर दुसऱ्यावर आडवा जातो, काखेखाली बंदांनी बांधतात, आणि कमरेला शिवण घालून तिच्याखाली घेर जोडलेला असतो. बंद दोन ठिकाणी असतात. आतला पदर एका काखेत आतून बांधायचा, मग वरचा पदर दुसऱ्या काखेत बाहेरून. आतले बंद चित्रात कधीच दिसत नाहीत. बाहेरचे मात्र चित्रकार हौसेने काढतात, कारण काखेपासून लोंबणाऱ्या त्या रंगीत पट्ट्या शोभेच्याच असत.

मोगल काळात मुसलमान सरदार जामा उजव्या काखेत बांधत आणि हिंदू डाव्या. हा नियम बहुतेक चित्रांत पाळलेला दिसतो, म्हणून चित्रातला माणूस ओळखायला अभ्यासक त्याचा आधार घेतात. अबुल फज्लने असंही नोंदवलं आहे की तकौचिया नावाचा हिंदुस्थानी घाटाचा, बिनअस्तराचा झगा पूर्वी डावीकडे बांधत आणि त्याच्या घेराला चिरा असत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे नेले.

अंगरखा आपला, संस्कृत ‘अंगरक्षा’वरून आलेला. त्यात छातीवर गोल किंवा तिरपा काप असतो आणि त्या कापातून आतला एक तुकडा दिसतो. उत्तरेत त्या तुकड्याला ‘परदा’ म्हणतात. वरचा पदर गळ्याशी, छातीवर आणि कमरेशी बंदांनी बांधायचा. तो आपल्या नजरेत आहेच, कारण लोकमान्य टिळकांच्या फोटोंत धोतर, उपरणं आणि पगडीबरोबर जो पांढरा कपडा दिसतो तो अंगरखा. अंगरख्याचा आखूड भाऊ म्हणजे बाराबंदी. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे मानकरी अजूनही पांढरी बाराबंदी घालतात. एका गाठीला दोन बंद लागतात, तेव्हा बारा बंदांच्या सहा गाठी.

आणि पेशवाज? वर उघडा पुढचा भाग, मधोमध गळ्याशी किंवा छातीशी बंद, आणि कमरेखाली पुढचे दोन्ही पदर मोकळे सुटलेला घेरदार, पायघोळ झगा. आत चोळी आणि चुडीदार. मोगल दरबाराच्या आणि पुढे गुलेर-कांगड्याच्या पहाडी चित्रांत बायका असाच पेशवाज घातलेल्या दिसतात, मलमल इतकी झिरझिरीत की आतल्या पायजम्याचा रंग वरून दिसावा. आज दुकानात ‘अनारकली’ म्हणून मिळतो तो याच घराण्यातला, पण तो डोक्यातून घालतात आणि पाठीला चेन असते. पुढून उघडत नसेल तर त्याला पेशवाज म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नावातच जे सांगितलंय ते कपड्यात नसेल तर ते नाव कशाला?

आता चित्रावरून शिवण्याचं. माझं सांगणं असं की चित्र आणि प्रत्यक्ष टिकलेला कपडा ही दोन्ही जोडीनेच पाहावीत. चित्र सांगतं कपडा अंगावर कसा पडतो, कशावर काय घालतात, दागिने कुठे येतात. शिवण कशी आहे ते चित्र सांगत नाही. कमरेची शिवण पटक्याखाली जाते. बसलेल्या माणसाच्या चित्रात घेर आणि लांबी हरवते. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणिसांचं चित्र रंगवलं. पेशवे दरबारातल्या कपड्यांचा पोत आणि शुभ्रपणा त्यात पाहण्यासारखा आहे, पण बैठकीच्या चित्रावरून कुणी घेराच्या कळ्या, म्हणजे घेर करणारे निमुळते तुकडे, मोजायला बसू नये.

दुसरी अडचण बाजूंची. चित्रशाळांत आकृत्या खाक्यांवरून, म्हणजे तयार कच्च्या रेखाटनांवरून, उतरवून घेत, आणि खाका उलटा ठेवला तर आकृती आरशातल्यासारखी उलटते, बंदही दुसऱ्या काखेत जातात. म्हणून बंदांवरून काही ठरवण्याआधी त्याच चित्रात तलवार कुठल्या कमरेला आहे, कट्यारीची मूठ कुठल्या हाताला सोयीची आहे ते पाहावं. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी १६८० च्या दशकात युरोपीय ग्राहकांसाठी दख्खनच्या राज्यकर्त्यांच्या चित्रांचे संच केले. त्यांपैकी एक संच आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. अशी चित्रं महाराजांच्या काळाला इतकी जवळची आहेत की त्यांतला जामा, पटका आणि पागोटं नाटकासिनेमातल्या पोशाखांहून कितीतरी विश्वासाचं. पण एका चित्रावर थांबू नये. दोन-तीन संचांतली तीच व्यक्ती शेजारी ठेवावी, मग कुठला तपशील माणसाचा आणि कुठला चित्रकाराच्या सवयीचा ते वेगळं होतं.

काळ ओळखायला लांबी उपयोगी पडते. अकबराच्या वेळच्या चित्रांत गुडघ्याच्या आसपास संपणारा, कधी टोकं सोडलेला ‘चाकदार’ जामा दिसतो. तिथून तो लांबत गेला आणि अठराव्या शतकात घोट्यांपर्यंत पोचला. पत्रात किंवा दफ्तरात नुसतं ‘जामा’ लिहिलेलं सापडलं तर त्यावरून लांबी ठरवता येत नाही, कारण नाव तेच राहिलं आणि कपडा बदलत गेला.

टिकलेला कपडा पाहायला मिळाला तर बाहेरून नक्षी बघून परत फिरू नका. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात, जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं आहेत. त्यांत काख पाहा. जुन्या कपड्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, आजच्यासारखा गोल कापलेला नसतो. बाही सरळ जोडतात आणि हात वर नेता यावा म्हणून काखेत एक छोटा तुकडा तिरका बसवतात. नाचणाऱ्या मुलीच्या पेशवाजात हा तुकडा हवाच. तो नसेल तर हात डोक्यावर नेताच सगळी चोळीबाजू वर ओढली जाते. बाह्याही पाहा: हातापेक्षा बऱ्याच लांब असतात आणि मनगटाशी चुण्या पडून बसतात. चित्रात त्या चुण्या बांगड्यांच्या ओळीसारख्या दिसतात, आणि त्या शिवून घातलेल्या नाहीत, नुसत्या ढकललेल्या आहेत.

घेराची खरी युक्ती कळ्यांत आहे. हातमागाचा पन्हा अरुंद, तेव्हा शिंपी कापडाचा लांब आयत तिरका कापून त्याच्या दोन कळ्या करी, आणि चिंधीही वाया जात नसे. अशा कळीची एक कड सरळ उभ्या धाग्याची आणि दुसरी तिरकी, उरेब. उरेब कड ताणते. दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या की ती शिवण लोंबते आणि खालची कड वाकडीतिकडी होते. म्हणून एकीची सरळ कड दुसरीच्या उरेब कडेला जोडायची, म्हणजे सरळ कड तिला धरून ठेवते. तुमच्या काकांना हे सांगायची गरज बहुधा पडणार नाही, कळीदार कुडता शिवणारा प्रत्येक जण हे जाणतो. पण घेर जोडून झाल्यावर पेशवाज रात्रभर टांगून ठेवा आणि मगच खालची कड मुडपा, एवढं मात्र आठवणीने सांगा. गिरक्यांच्या वेळी कड एका पातळीत फिरायची असेल तर हे टाळता येणार नाही.

पुढचे पदर गिरकीत पूर्ण उघडतात, हे मुलीला आणि तिच्या गुरूंना आधी दाखवा. आतला चुडीदार तेव्हा गुडघ्याच्या वरपर्यंत दिसतो, म्हणून तोही चांगल्या कापडाचा आणि रंग जुळवून घ्यायला हवा. चित्रांत तो पट्ट्यापट्ट्यांचा किंवा फुलांचा असतो तो याचसाठी. बंद गळ्याशी, छातीवर आणि कमरेशी असे तीन ठेवले तर कपडा जागेवर राहील आणि नावाप्रमाणे पुढून उघडेलही. मंचावर भीती वाटत असेल तर बंदांच्या आतून हुक लावून घ्यायला माझी हरकत नाही, बाहेरून मात्र बंदच दिसू द्या. चेन नको.

राहिलं लेखन. हिंदीत पिशवाज हे रूप जास्त चालतं, फारसीतल्या आजच्या उच्चाराला तेच जवळचं आहे. पण आपण पेशगी, पेशकार, पेशवा असं सगळीकडे ‘पे’ने लिहितो, जुन्या दख्खनी-हिंदुस्थानी उच्चाराप्रमाणे. म्हणून मराठी पत्रिकेत ‘पेशवाज’ छापा. ‘पेशवाझ’ नको, मराठीत ज आणि झ ची अदलाबदल करून फारसी उच्चार साधत नाही. वाचणाऱ्याने ‘जहाज’मधल्या शेवटच्या ज सारखा तो ज म्हटला की पुरे.