कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्समधली बुरशी साफ करता येते का?

म्हापशात घेतलेल्या वापरलेल्या लेन्समध्ये आपल्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसत असतील, तर ती बहुधा बुरशीच आहे. बाहेरच्या काचेवरची बुरशी लेन्ससाठीच्या द्रावणाने पुसून निघते; आतल्या भिंगांवर ती असल्यास लेन्स उघडावीच लागते, आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे, कारण भिंगे पुन्हा एका रेषेत बसवणे घरी सहसा साधत नाही. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर ती गेली तरी डाग राहतो. मात्र फिकट डाग, उजेडासमोर टिपलेली चित्रे सोडल्यास, छायाचित्रात क्वचितच जाणवतो. गोव्याच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे), ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी.